खाणीच्या गाडीचा दसरा

नवरात्र बसलं की माझं घरात चित्त राहत नाही. एरवीही मी एका जागी बसणारी बाई नव्हेच. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चारचौघींत सांगायच्या, "आमच्या सूनबाईच्या पायाला भिंगरी हाय." पण आश्विनातली ही चुळबुळ निराळी. सकाळी ऊन पांढरं पडतं, दुपारी ते डोक्यात शिरतं, संध्याकाळी एकाएकी अंगावर शिरशिरी येते, आणि मला वाटत राहतं की कुठंतरी जायचं होतं, आवरून बसले होते, आणि न्यायला कुणी आलंच नाही. चहा करते, पिते, कप विसळते. फडताळ आवरायला काढते आणि अर्धं टाकून गच्चीत जाते. सून विचारते, "आई, काही हरवलंय का?" काय सांगू तिला, कप्पाळ?

परवा खंडेनवमी झाली. माझ्या नातवाचं चिखलीत छोटं वर्कशॉप आहे. चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांना लागणारे बारीकसारीक पार्ट तो बनवतो. वर्षातून एक दिवस ती यंत्रं बंद असतात आणि पोरं त्यांना अंघोळ घातल्यासारखी पुसून काढतात. झेंडूच्या माळा, उसाची कांडी, नारळ, आणि मधोमध माझी खुर्ची, म्हातारं माणूस म्हणून. मी म्हटलं, "गंध लावा, फुलं वाहा, पण तेल कुठं लावू नका रे." नातू हसला. "आज्जी, हे मशीन दिवसभर तेलातच असतं. त्याला तेलाशिवाय काय देऊ?" पोरंही हसली. मीही हसले आणि पाच मिनिटांत तिथून उठले. बाहेर रस्त्यावर येऊन उभी राहिले. शेजारच्या गाळ्यात, पलीकडच्या गाळ्यात, सगळीकडे झेंडू. 

तिथून मी चालत निघाले. दोन सोसायट्यांच्या मधून एक रस्ता जातो. तो सरळ येतो आणि मध्येच, काही कारण नसताना, मोठा थोरला वळसा घेतो. रिक्षावाले त्या वळणाला शिव्या देतात. इंजिनियरला अक्कल नव्हती असं आमच्या सोसायटीतले लोक म्हणतात. अक्कल होती. तिथं आधी रूळ होते, रुळांना एकदम वळता येत नाही, म्हणून वळण लांबवलं होतं. रूळ गेले, त्यांच्या कडेची पायवाट राहिली, पायवाटेची गाडीवाट झाली, गाडीवाटेचं डांबर झालं. आता त्या वळणावर एक मोबाइलचं दुकान आहे. मी तिथं थांबले की दुकानातला पोरगा विचारतो, "रिचार्ज का, आजी?" चांगलं पोरगं आहे.

माझं लग्न आणि ती गाडी एकाच उन्हाळ्यातली. एकोणीसशे पन्नास उलटून गेलं होतं. पिंपरीच्या माळावर कारखान्यांच्या भिंती उठायला लागल्या होत्या, आणि भिंतींना पाया लागतो, पायाला दगड. मोठ्या रेल्वेला रुळांखाली घालायला खडी लागायची ती वेगळीच. आमच्या गावाच्या वर, मोशीकडच्या माळावर, काळ्या दगडाची खाण होती. तिचा ठेका घेतलेल्या माणसानं लढाईच्या काळातले कुठंतरी पडून राहिलेले बारके रूळ लिलावात उचलले आणि खाणीपासून चिंचवड स्टेशनच्या सायडिंगपर्यंत, जिथं मालाचे डबे उभे करतात तिथवर, अंथरले. तीनेक मैलांची वाट, रुंदी एवढीशी की दोन्ही रुळांवर दोन पाय ठेवून बाई उभी राहील. इंजिन नव्हतंच. माळ उतरता होता. दगडाने भरलेले लोखंडी डबे आपल्याच वजनाने खाली जायचे, आणि शेवटच्या डब्यावर एक माणूस ब्रेकचा लांब दांडा धरून उभा असायचा. दांडा दाबला की लाकडी ठोकळे चाकांना घासायचे आणि गाडी आवरायची. रिकामे डबे बैल ओढून वर आणायचे. बैल आमच्या घरचे होते आणि दांडा धरणारे आमचे हे. अख्खा गाव त्यांना बिरेकवाला शिवा म्हणायचा.

मी तळेगावची, सातवी पास. आमच्या दारात रेल्वे होती, पोस्ट होतं, दवाखाना होता. आणि लग्न होऊन आले कुठं, तर जिथं दुपारी सुरुंग उडायचा आणि फडताळातली भांडी हातात हात घालून नाचायची. सुरुंगाआधी एक माणूस लाल फडकं घेऊन माळावर पळत ओरडायचा, "हुश्शार व्हा." मग बायका पोरं कडेवर घेऊन भिंतीशी बसायच्या. धडाका झाला की छपरावर बारीक खडे पडायचे. पिठात कच, भाकरीत कच, केसांत कच. मी संतापून म्हणायची, इथली माणसं दगड खाऊनच एवढी घट्ट झालीत. आत्याबाई म्हणायच्या, "व्हशील तू बी."

एकदा मी त्या गाडीवर बसून खाली गेले. बाजाराला जायचं होतं, पाय दुखत होता असं मी सांगितलं, आणि यांनी मला खडीवर पोतं टाकून बसवलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. यांनी दांडा हळूच सोडला. आधी काहीच नाही, मग चाक कुरकुरलं, मग वारा. एवढा वारा मी आयुष्यात खाल्ला नव्हता. कारळ्याची पिवळी शेतं दोन्ही बाजूंनी मागे पळत होती आणि हे मागून गात होते, बेसूर. खाली स्टेशनात धुराची इंजिनं, कोळशाच्या वाघिणी, हमाल, आरडाओरडा. स्टेशनच्या मागं एक नवी चाळ बांधली होती. तिच्या नळाखाली एक बाई कळशी ठेवून निवांत उभी होती. वाट बघत नव्हती, उपसत नव्हती, नुसती उभी होती आणि कळशी आपोआप भरत होती. त्या दिवसापासून माझं गावात लक्ष लागेना.

आणि भाद्रपद सरताना मुकादम आमच्या ओट्यावर येऊन बसला. मुकादम म्हणजे ठेकेदाराचा खाणीवरचा माणूस, सगळा कारभार तोच बघायचा. म्हणाला, "शिवा, पिंपरीला नव्या कारखान्याचं सायडिंग हुतंय. मोठ्या गाडीचे डबे आत-बाहेर करायला मानूस पायजे. कायमची नोकरी. चिंचवडच्या चाळीत खोली. आपल्या मालकाचा शब्द तिथं चालतो. दसऱ्यानंतर सांग." मी आतून ऐकत होते. माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली आणि मी ती तशीच करपू दिली.

 मी रोज विचारायची आणि हे रोज उडवून लावायचे. "तितं काय करायचं? हिरवं फडकं, न्हाईतर लाल फडकं. मानूस हाय का वाळत घातलेलं धोतर?" मी म्हटलं, फडक्याला पगार मिळतो, पेन्शन मिळते. हे म्हणाले, "ही गाडी माज्या हाताला कळती. दांड्यातनं समजतं मला, कुठला डबा जड भरलाय." खरंच कळायचं त्यांना. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि त्याचाच राग यायचा. पुरुषाच्या हाताला गाडी कळते आणि बायकोच्या जिवाची तगमग कळत नाही, हे कसलं कळणं? आत्याबाईंना आम्ही जायला नको होतं, हेही मला दिसत होतं. धाकटा दीर शाळेत, मामंजी थकलेले. त्या उघड काही बोलत नव्हत्या. फक्त रोज ताटात थोडं जास्त वाढत होत्या.

अशा तिढ्यात नवरात्र आलं. बाजरी निघाली होती, शाळू पेरायचा होता. घटातलं धान वर आलं होतं, पिवळं, नाजूक. उपासानं बायकांचे चेहरे उतरले होते आणि जिभा मात्र तेज झाल्या होत्या. खंडेनवमीला शेतकऱ्यानं नांगर, कुळव, विळे पुजायचे. खाणीवर दगड फोडायला नगर-बीडकडून आलेल्या माणसांनी घण आणि पहारी पुजायच्या, एवढं ठरलेलंच होतं. पण गाडीची ही पहिलीच खंडेनवमी. गाडीचं काय पुजायचं? पुरुष म्हणाले, डबे पुजा, ब्रेकचा दांडा पुजा. आत्याबाई म्हणाल्या, "आन रुळांनी काय पाप केलं? समदं वजन त्यांच्यावर. रूळ पुजायचे." मग कुणी म्हणालं, बैलगाडीच्या आखाला वंगण लागतं, तसं ह्याला लागत असंल की. झालं, उचलली जीभ लावली टाळ्याला. ठरलं असं की रूळ जिच्या दारावरून जातो, तिनं आपल्या दारापुढचा तुकडा पुजायचा. हळद, कुंकू, झेंडू, आणि वाटीभर गोडं तेल.

एकदा घरागणिक तुकडा ठरला म्हटल्यावर हात आखडता कोण घेणार? शेजारणीनं वाटी ओतली तर हिनं दीड. जिच्या घरी फोडणीला थेंब मोजून पडायचा तिनंही उसनं आणून ओतलं. उतार सुरू होतो तिथपासून वळणापर्यंत रूळ उन्हात लखलखत होते. सगळ्यात जास्त तेल आमच्या आत्याबाईंचं, गाडीवर आमच्या घरचं माणूस म्हणून. त्या वाकून, पदर खोचून, हातानं रुळाला तेल चोळत होत्या, तान्ह्या पोराला लावतात तसं. तोंडानं पुटपुटत होत्या, "माज्या लेकराला संबाळ."

आमच्या तुकड्याचं खालचं टोक त्यांनी माझ्यासाठी सोडलं होतं, तिथं मी वाटी घेऊन उभी होते. आदल्या संध्याकाळीच यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. हे म्हणाले होते, मी काही जात नाही. मला वाटलं, ज्या लोखंडानं मला इथं बांधून घातलंय त्याला मी तेल घालू? "माझ्याच्यानं नाही होणार," मी म्हटलं आणि वाटी तशीच घरी आणली. आणली ती आणली, वर त्या तेलात पापड तळले. दुसरी असती तर तेल निदान देवापुढं तरी ठेवलं असतं. पण माझं डोकं तापलेलं होतं आणि पापड तळायचे होते. वास गल्लीभर गेला. शेजारची सखूबाई दारातून डोकावून गेली, आणि मग कुणाला कळायचं राहिलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी गाडी बंद. संध्याकाळी सोनं लुटून हे घरी आले, आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "जाऊ." मला वाटलं, देवळात. म्हणाले, "चिंचवडला. पापड तळलेस तवा समजलं मला, तू हितं न्हाई रमायची. उद्या खेप झाली की मुकादमाला सांगतो."  मला नाचावंसं वाटत होतं आणि घरात सगळे होते. मी आत गेले आणि ट्रंक उघडून नुसती बघत बसले. कुठलं पातळ वर ठेवायचं, कुठली भांडी न्यायची, सगळं मनात लागून गेलं. आत्याबाई दारातून बघून गेल्या. त्यांना कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली खेप निघाली. मी खालच्या अंगाला शेतात होते. गाडीचा आवाज रोजचा, त्याकडे कुणी मान वर करून बघत नसे. त्या दिवशी आवाज वेगळा आला. कुरकुर नव्हती. ब्रेक लागला की चाकं जी किंचाळायची ते किंचाळणं नव्हतंच. नुसती घरघर, आणि ती वाढत चाललेली. मी वर पाहिलं तर हे दांड्यावर अख्ख्या अंगाने लोंबकळले होते आणि गाडी थांबत नव्हती. पुढं आकुर्डीकडून येणारी गाडीवाट रूळ ओलांडत होती आणि त्या दिवशी बाजार. बैलगाड्या, बाया, डोक्यावर टोपल्या. हे ओरडत होते, कुणाला ऐकू जात नव्हतं. उडी मारता आली असती. मारली नाही. डब्यात पहार होती ती उचलून यांनी चाकाच्या आऱ्यांत खुपसली. पुढचं मला नीट दिसलं नाही. डबे एकमेकांवर चढले आणि वाटेच्या अलीकडे, नुकत्या पेरलेल्या वावरात, आडवे झाले.

कुणी मेलं नाही. यांचा डावा पाय खडीखाली सापडला, दोन बोटं गेली. मी धावत पोहोचले तेव्हा हे बसलेले होते, शुद्धीवर होते आणि पायाकडे न बघता उलट्या पडलेल्या डब्याकडे बघत होते. मीही तिकडे पाहिलं. चाक अजून फिरत होतं. चाकाची कड तेलानं चकाकत होती, तिला कुंकू लागलं होतं, आणि झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. वरच्या उतारावरचं तेल चाकांनी उचलून घेतलं होतं. ठोकळे तेलानं न्हाले होते, ते काय धरणार? मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. हे म्हणाले, "पूस ते." माझ्याच पदरानं मी ते चाक पुसलं. का पुसलं हे तेव्हा मला कळलंही नव्हतं.

मुकादम आला. आधी डबे बघितले, मग माणूस. "काय रं शिवा, बिरेक का न्हाई लावला?" मी तोंड उघडलं. मी सांगणार होते. यांनी मला बोलू दिलं नाही. म्हणाले, "डोळा लागला." सकाळच्या उन्हात, वाऱ्यावर, उभ्या माणसाचा डोळा लागला? मुकादमालाही ते पटलं नाही, पण त्याला ठेकेदाराला सांगायला कारण हवं होतं आणि ते मिळालं. "मग कारखान्याचं इसर," तो म्हणाला. "तितं झोपंला जागा न्हाई." डोळा लागणाऱ्या माणसाची शिफारस कोण करणार? ती नोकरी आणि ती चाळीतली खोली खाणीवरच्याच दुसऱ्या एकाला मिळाली; दांडा मात्र यांच्याकडेच राहिला, तो दुसऱ्या कुणाला जमत नव्हता. तेलही गेलं, तूपही गेलं, माझ्या हाती धुपाटणं.

मी त्यांचा पाय धुऊन बांधत होते तेव्हा मी त्यांना सोडलं नाही. दुखत होतं त्यांना, तरी सोडलं नाही. "तेलानं झालं म्हणून सांगायला काय जीभ झडली होती? देवभोळ्या बायका आहेत म्हणून मुकादम चार शिव्या देऊन गप्प बसला असता. तुम्ही आपल्या हातानं आपलं वाटोळं केलंत, आणि माझंही."  हे आत, देवघराकडे मान वळवून हळू म्हणाले, "तेल म्हनलं असतं, तर आई पुन्यांदा देवाम्होरं दिवा लावायची न्हाई."   मी म्हटलं, "आईचा दिवा राहिला, माझा विझला." फार कडू बोलले मी. त्यांनी ते ऐकून घेतलं.

पण गोष्ट इथं थांबली असती तर बरं. गावाला कारण पाहिजे असतं. रूळ पुजले, देवाचं सगळं यथासांग केलं, मग गाडी सुटली कशी? आणि कारण तर घरातच होतं. सगळ्यांनी तेल घातलं, एकटीनं नाही घातलं. वर त्याच तेलात पापड तळले. "ज्या तुकड्याला तेल न्हाई, तितंच गाडीचं बिनसलं," सखूबाई पाणवठ्यावर म्हणाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. मला बघून बायका बोलणं थांबवायच्या. लहान पोरांना माझ्या सावलीतून ओढून घ्यायच्या. मला त्यांच्या तोंडावर सांगता आलं असतं की बायांनो, तुमच्या तेलानं माझ्या नवऱ्याची बोटं नेली. सांगायचं म्हणजे पहिलं नाव आत्याबाईंचं घ्यावं लागलं असतं. यांनी ज्यासाठी नोकरी घालवली तेच मी उधळायचं का? मी दात-ओठ खात गप्प राहिले. मला गप्प राहणं येत नाही. ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत.

आणि आत्याबाई? त्या पाणवठ्यावर असायच्या, ऐकायच्या, आणि घागर उचलून चालू लागायच्या. त्यांनी मला एका शब्दानंही टोचलं नाही. एका शब्दानं सावरलंही नाही. मला वाटायचं, यांचाही तोच समज आहे.

आता हे सगळं कुणाला सांगावं तर ऐकणाऱ्याला हसू येतं. ती गाडी पुढं थोडीच वर्षं चालली. लॉऱ्या आल्या, थेट खाणीच्या तोंडाशी जायला लागल्या, आणि रूळ पुन्हा लिलावात गेले. बैल शेतावर परतले. हे लंगडत का होईना, शेवटपर्यंत दांड्यावर होते; मग आयुष्यभर शेती केली आणि कधी तक्रार केली नाही. तक्रार करायचं खातं माझ्याकडे होतं. ज्या चिंचवडसाठी मी तळमळले, तिथं मी राहायला कधी गेलेच नाही. पुढं कारखानेच माळ चढून वर आले, वसाहती आल्या, नळ आले, चाळींच्या जागी बिल्डिंगी आल्या आणि एक दिवस चिंचवडच आमच्या दारात येऊन बसलं. आता माझ्या घरात तीन नळ आहेत. पण ते उशिरा मिळालं, आणि उशिरा मिळालेल्याची भूक वेगळीच राहते. आश्विन आला की ती सतरा-अठरा वर्षांची मुलगी माझ्यात पुन्हा ट्रंक उघडून बसते. तिला मी काय समजावू? तिला अजून जायचंय.

तर, दुसऱ्या वर्षी पुन्हा खंडेनवमी आली.  दोन दिवसांनी खेप निघणार होती आणि दांड्यावर हेच असणार होते. हे म्हणाले होते, "घालू दे त्यास्नी तेल. मी आंदी वाळू टाकून पुसून घीन." पण अख्खा उतार एक लंगडा माणूस किती पुसणार? बाया जमल्या. हळदी-कुंकवाची ताटं, झेंडू, वाट्या. आणि सखूबाईनं सगळ्यांसमोर ठरवून टाकलं, "यंदा पहिलं तेल हिच्या हातनं. गेल्या सालचं बी हिनंच फेडायचं. भरपूर घाल गं." कुणीतरी माझ्या हातात वाटी दिली, काठोकाठ भरलेली. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. ओतावं तर आपल्याच माणसाच्या पायाखाली ओतायचं. न ओतावं तर ह्या गावात मला पुन्हा तोंड वर करता येणार नव्हतं. मी रुळापाशी वाकले. वाकताना तेल काठावरून बोटांवर ओघळलं.

माझ्या मनगटाला आत्याबाईंनी धरलं. वाटी काढून घेतली. "रुळाला तेल न्हाई," त्या म्हणाल्या.

"असं कसं, मावशी?" सखूबाई म्हणाली.

"गेल्या साली तेलानंच गाडी सुटली. तिसऱ्या दिशी मी फुलं गोळा कराया आले, तर माजाच पाय रुळावरनं सटाकला. तवाच कळलं मला. समद्यांत जास्त तेल माजं हुतं." आवाज चढवला नव्हता त्यांनी, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "हिनं घातलं न्हाई त्येच बरं केलं. समद्यांनी हिच्यावानी पापड तळले असते, तर माज्या शिवाची बोटं असती आज. ही बोलली न्हाई, त्यो बोलला न्हाई. मला वाटलं, त्यास्नी म्हाईत न्हाई. मग मी बी वर्सभर गप बसले. भ्याले."

 सखूबाई आपल्या वाटीकडे बघत राहिली. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला आधी संताप आला. वर्षभर ह्या बाईला माहीत होतं आणि वर्षभर हिनं मला त्या पाणवठ्यावर एकटं उभं राहू दिलं. आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "राग हाय?"

"हाय," मी म्हटलं. माझ्या तोंडून त्यांच्याच बोलीत आलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "बस खाली."

रुळाच्या कडेला, सगळ्या बायांसमोर, त्यांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि माझा पदर डोक्यावरून मागे सारला. माझा अंबाडा सोडला. त्यात खाणीची कच होती, ती त्यांनी बोटांनी झटकली. मग ती वाटी माझ्या टाळूवर हळूहळू रिकामी केली आणि दोन्ही हातांनी चोळायला लागल्या. माझी आई लावायची तशा जोरानं नाही, भीत भीत. "नोकरी न्हाई परत आनता यायची मला," त्या अगदी हळू म्हणाल्या, फक्त मला ऐकू येईल एवढ्या. "वाटीभर तेल हाय, तेवढं घे."

तेल कपाळावरून डोळ्यांत उतरत होतं. राग माझा काही गेला नाही. पण मी डोकं काढून घेतलं नाही.